‘सर्व लोकांस कळविण्यात येते की…’
मुंबई बंदरातील जाहीर सूचनांचे एक वाचन

एक

ज्या मजकुराने आपल्या माणसांचे जगणे सर्वांत जास्त बांधून टाकले, त्या मजकुराची समीक्षा मराठीत झालेली नाही. कवितेची झाली, कथा-कादंबरीची झाली, गेल्या पन्नास वर्षांत आत्मकथनांचीही पुष्कळ झाली. पण राजपत्रात छापलेली, कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेली, गोदीच्या फाटकावर टांगलेली जाहीर सूचना हीही एक संहिताच आहे. तिला लेखक आहे, गृहीत धरलेला वाचक आहे, तिची ठराविक शैली आहे. एखाद्या महाकाव्याने जितक्या माणसांचे आयुष्य बदलले नसेल तितक्यांचे एका सूचनेने बदललेले असते. असे असूनही तिला ‘कोरडा सरकारी मजकूर’ म्हणून बाजूला सारायचे आणि समीक्षा फक्त सौंदर्याची करायची, ही सोय प्रस्थापित समीक्षेची आहे. ती आपली असण्याचे कारण नाही.

पदवीच्या वर्गात मराठी शिकविताना हा प्रश्न मला वारंवार पडतो. समोर बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरात त्यांच्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नसते. माझ्याही घरात नव्हते. अशा घरात छापील मराठी पहिल्यांदा येते ते कवितेच्या रूपाने नव्हे. नोटिशीच्या रूपाने येते. ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते, आणि वाचणारा जो अर्थ सांगेल तो खरा मानावा लागतो. म्हणून सूचना कोण लिहितो, कोणासाठी लिहितो आणि कोणाच्या डोक्यावरून ती निघून जाते, हा माझ्या मते साहित्याचाच प्रश्न आहे.

या लेखापुरते मी एकच क्षेत्र घेतो : इंग्रजी अमदानीतील मुंबई बंदर. कारण सूचनेचा एवढा नेमका, एवढा पसरलेला आणि एवढा बहिरा कारभार दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दोन

मुंबई शहर बंदरातून जन्मले. १६६८ साली बेट कंपनीच्या हाती आले, १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया येथे जहाजबांधणीसाठी आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने इंग्रजांच्या आरमाराला सागवानी जहाजे दिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘बॉम्बे कुरियर’सारखी इंग्रजी पत्रे निघाली ती बऱ्याच अंशी व्यापारी आणि सरकारी जाहिरातींवर चालली. १८३१ पासून सरकारचे स्वतःचे राजपत्र निघू लागले. म्हणजे या शहरात छापील अक्षराचे पहिले मोठे काम ज्ञानाचे नव्हते, सूचनेचे होते : कोणते जहाज आले, कोणते निघणार, कोणता माल लिलावात निघाला, कोणता हुकूम झाला.

१८७३ साली कायद्याने पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. १८८० च्या पहिल्या दिवशी प्रिन्सेस डॉक उघडला, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक. १८६७ साली खांदेरीचे आणि १८७५ साली कुलाब्याच्या टोकापलीकडच्या खडकावर प्राँग्जचे दीपगृह उभे राहिले. या सगळ्याभोवती सूचनांचे एक जाळे विणले गेले. पाण्याची खोली किती, दिवा कोणत्या बाजूने दिसेल, बोया कोठे हलविला, भरतीची वेळ कोणती, वाटाड्या केव्हा घ्यायचा, बंदराची पट्टी किती भरायची. दर्यावर्दी लोकांसाठी निघणाऱ्या या सूचना म्हणजे नेमकेपणाचा नमुना आहेत. जहाजाला खडक लागू नये म्हणून राज्याने किती काळजी घेतली हे त्यांतून दिसते, आणि ही काळजी खरी होती. तिची थट्टा करण्याचे कारण नाही.

प्रश्न असा की जहाज धक्क्याला लागल्यावर काय होते? या नेमक्या भाषेला तेथे अचानक मोतीबिंदू होतो. १९०८ चा भारतीय बंदर कायदा उघडून पाहावा. शतकाहून अधिक काळ तो चालला, २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. आरंभी संज्ञांच्या व्याख्या आहेत. जहाजाची आहे, जहाजाच्या मास्टरची आहे, वाटाड्याची आहे, बंदराची आहे. ‘टन’ या शब्दाचीही आहे. तो टन पाठीवर वाहणाऱ्या माणसाची व्याख्या मात्र नाही. पुढच्या कलमांत बंदरात काय करू नये याची यादी येते : बोया सोडू नये, निरम किंवा कचरा पाण्यात टाकू नये, जहाजावर डांबर उकळू नये, बंदुकीचे बार काढू नयेत. एक कलम असेही आहे की बंदराच्या तळाशी हरवलेले नांगर, साखळदंड किंवा अन्य सामान परवानगीवाचून कोणी शोधू नये. पाण्याच्या तळाशी पडलेल्या लोखंडाची मालकीसुद्धा कायद्याने अशी जपली. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र या संहितेत नाव नाही. तो येतो तो ‘कोणीही व्यक्ती’ म्हणून, आणि तेही दंडाच्या वाक्यात.

बंदरातल्या जागांची नावे ही सर्वांत छोटी सूचना होय. दारूखाना, कोळसाबंदर, लकडीबंदर. ही नावे मालाची आहेत. प्रिन्स, व्हिक्टोरिया, अलेक्झांड्रा ही राजघराण्याची, कर्नाक, बॅलार्ड ही साहेबांची. भाऊच्या धक्क्यासारखे एखादे नाव तो बांधणाऱ्या कंत्राटदाराचे. ज्यांनी त्या धक्क्यांवर कोळसा, लाकूड आणि धान्य वाहिले त्यांचे एकही नाव नकाशावर नाही. नकाशासुद्धा वाचला पाहिजे तो असा.

तीन

‘सर्व लोकांस कळविण्यात येते की…’ हे वाक्य आपल्या कानांना इतके सरावाचे झाले आहे की त्याचे व्याकरण आपण तपासत नाही. कळविणारा कोण? वाक्यात कर्ता नाही. कोणी कळवीत नाही, ‘कळविण्यात येते’. हुकूम आकाशातून पडावा तसा पडतो. मेजर कँडीसारख्या सरकारी भाषांतरकारांच्या हाताखाली एकोणिसाव्या शतकात कायद्याची आणि कारभाराची जी मराठी घडली, तिच्यात इंग्रजी कारभाराचा हा बिनचेहऱ्याचा बाज मुरला. तो स्वातंत्र्यानंतरही गेला नाही. आपल्या तहसील कचेरीतले कोणतेही पत्रक पाहावे.

आणि ‘सर्व लोक’ कोण? येथे खरी मेख आहे. राजपत्रात छापले की सर्वांना कळले, असे कायदा धरून चालतो. ज्याला वाचता येते त्याला कळले, आणि ज्याला येत नाही त्यालाही कळले. अज्ञान ही सबब होऊ शकत नाही.

हे वाक्य आपण आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिले पाहिजे. धर्मशास्त्राने शूद्रातिशूद्राला सांगितले की तू ऐकायचे नाहीस. राजपत्राने सांगितले की तू ऐकले आहेस. पहिल्याने कान बंद केले, दुसऱ्याने ते उघडे असल्याचे लिहून टाकले. दोघांनीही विचारले नाही की बाबा, तुला ऐकू आले काय?

येथे काही वाचक म्हणतील, इंग्रजी राज्याच्या सूचनेवर जात तरी लिहिलेली नव्हती. ती कोणासही वाचता येत होती. हे खरे आहे, आणि मी ते नाकारीत नाही. जात न लिहिलेला मजकूर हे या देशात लहान पाऊल नव्हते. या मजकुराचा उपयोग आपल्या माणसांनी पुढे कसा करून घेतला ते मी शेवटी सांगणारच आहे. पण कागदावर जात नसली म्हणून वाटेत जात नव्हती असे होत नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखविले ते हेच. राज्य गोऱ्या साहेबाचे, पण साहेब आणि रयत यांच्यामध्ये लेखणीवाला बसलेला. गोदीत हा लेखणीवाला कारकुनाच्या रूपाने होता आणि त्याच्या अलीकडे मुकादम आणि टोळीवाला होता. रोजच्या हजेरीवर घेतलेल्या माणसाचा पोर्ट ट्रस्टशी थेट संबंध नव्हता. टोळीवाला त्याला बोलावी, टोळीवाला त्याला परत पाठवी, मजुरीही त्याच्याच हातून मिळे. सूचना कागदावर काहीही म्हणो, हमालाच्या कानावर पडे ती टोळीवाल्याची सूचना.

जहाजावर चढणाऱ्या खलाशाची गोष्ट थोडी निराळी होती. करारावर अंगठा घेण्यापूर्वी तो खलाशाला वाचून दाखवावा, समजावून सांगावा, अशी अट १८५९ च्या कायद्यात होती. ती प्रत्यक्षात किती पाळली जाई आणि सारंगाच्या हातात किती असे, हा भाग वेगळा. पण ऐकणाऱ्याला अक्षर येत नसेल एवढे तरी त्या कायद्याने ओळखले होते. धक्क्यावरच्या माणसाच्या बाबतीत एवढेही ओळखलेले नव्हते.

आणि सर्वांत मोठा उपरोध पुढेच आहे. गावगाड्यात सूचना पोचविण्याचे काम कोणाचे होते? महाराचे. दवंडी देणे, लोकांना चावडीवर बोलावणे, सरकारी कागद एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे, कोणी मेले तर त्या मयताचा सांगावा घेऊन दहा-दहा कोस पायी जाणे, ही सारी वतनाची कामे. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रजांनीही ती चालू ठेवली, आणि त्याविरुद्ध बाबासाहेबांना १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणावे लागले. पिढ्यान् पिढ्या सगळ्या गावाला ‘ऐका हो ऐका’ म्हणणारा हा माणूस स्वतः त्या ‘सर्व लोकां’त नव्हता. दवंडी त्याच्या तोंडून जाई. तिच्यातला हक्क त्याच्या घरी येत नसे. हाच माणूस जेव्हा वतन टाकून मुंबईला आला, तेव्हा गिरणीत विणकामाचे खाते त्याला बंद होते, कारण तेथे सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याच्या तोंडाचा विटाळ होई. गोदीचा धक्का मात्र त्याला मिळाला. आवाजाने सूचना वाहणारा माणूस तेथे पाठीने माल वाहू लागला, आणि सूचना छापील होऊन त्याच्या डोक्यावर टांगली गेली.

चार

सूचना कधीच वाकत नाही असे नाही. ती कोणापुढे वाकते हे पाहण्यासारखे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये गोदीला लागून असलेल्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दार लावू लागली, व्यापार अडला. १८९७ च्या आरंभी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा घाईने मंजूर झाला. त्याआधीच ऑक्टोबर १८९६ मध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी अधिसूचना काढून रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्याचे अधिकार घेतले होते. लोक बिथरले, शहर सोडू लागले. आणि मग काही आठवड्यांतच ही सूचना सौम्य करण्यात आली. का? व्यापाऱ्यांचा आणि गिरणी कामगारांचा असंतोष हे एक कारण होतेच. पण स्नो यांच्या डोळ्यांपुढे आणखी एक भीती होती : हलालखोर आणि बिगारी, म्हणजे शहराची घाण उपसणारे लोक, निघून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही.

ही घटना आपल्या समीक्षेने अधोरेखित केली पाहिजे. ज्याला कोणी वाचक मानले नाही, त्याच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने सूचनेचा मजकूर बदलला. त्याने अर्ज लिहिला नव्हता, सभेत ठराव मांडला नव्हता. त्याचे अपरिहार्य असणे हेच त्याचे उत्तर होते. मात्र हेही पाहावे की मजकूर बदलला तो त्याच्या जिवाच्या काळजीने नव्हे. शहराच्या गटारांच्या काळजीने.

दुसरे उदाहरण न निघालेल्या सूचनेचे आहे. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात बंदरांतील रोजंदारीच्या अनिश्चिततेकडे बोट दाखविले. १९३४ साली गोदी कामगारांच्या सुरक्षिततेसाठी कायदा मंजूर झाला : माल चढविताना-उतरविताना अपघात होऊ नयेत, यंत्रे, शिड्या, साखळ्या तपासलेल्या असाव्यात. कायदा छापला गेला. पण तो कोणत्या तारखेपासून लागू व्हायचा, ती तारीख सरकारने अधिसूचनेने जाहीर करायची होती. ती अधिसूचना चौदा वर्षे निघाली नाही. कायदा प्रत्यक्षात आला १९४८ साली.

चौदा वर्षे! बोया दोन हात सरकला तरी सूचना काढणाऱ्या कारभाराला, माणसाच्या डोक्यावर तुटकी साखळी पडू नये यासाठी एक तारीख छापायला चौदा वर्षे लागली. त्या काळात विंचखाली चिरडलेल्या, शिडीवरून जहाजाच्या पोटात कोसळलेल्या माणसाला सांगायला कायदा होता, लागू मात्र नव्हता. सूचना काढणे ही जशी सत्ता आहे तशीच ती न काढणे हीही सत्ता आहे. किंबहुना दुसरी अधिक मोठी आहे, कारण तिचा कागद मागे राहत नाही.

पाच

आता १४ एप्रिल १९४४.

ही तारीख आपल्या वाचकाला सांगावी लागत नाही. बाबासाहेब त्या दिवशी त्रेपन्न वर्षांचे झाले. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते त्या वेळी मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटले.

जहाजात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीला त्याच्यावर कापसाच्या हजारो गासड्या चढविलेल्या होत्या आणि शिवाय सोन्याच्या विटा होत्या. एरवी स्फोटक माल असलेल्या जहाजाने तांबडे निशाण लावायचे असा दंडक. तांबडे निशाण म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येणारी सूचना. बंदराच्या सगळ्या कारभारात निरक्षर माणसाच्या उपयोगाची जर कोणती सूचना असेल तर ती हीच. युद्धकाळात हा दंडक शिथिल झाला होता. ‘फोर्ट स्टिकीन’वर तांबडे निशाण नव्हते. एरवी दारूगोळा गोदीबाहेर, भर पाण्यात पडावांवर उतरवून घ्यायचा, तोही नियम युद्धाच्या घाईत बाजूला पडला होता.

दुपारी धूर दिसला. जहाज जागीच बुडवावे, ओढून बाहेर न्यावे, की पाणी मारीत राहावे, यावर अधिकाऱ्यांत एकमत झाले नाही आणि सर्वांवर चालेल असा एक हुकूम कोणाचाही नव्हता. तीन वाजून पन्नास मिनिटांनी खलाशांना जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जहाजावरच्या लोकांना सोळा मिनिटांची सूचना मिळाली. शेजारच्या धक्क्यांवर, वखारींत, गोदीलगतच्या झोपड्यांत जे होते त्यांना तेवढीही मिळाली नाही.

अग्निशमन दलाचे ६६ जवान मेले. त्यांच्यासह गोदीच्या निरनिराळ्या सेवांतले २३१ लोक मेले. त्यांखेरीज पाचशेहून अधिक नागरिक, आणि त्यांतले पुष्कळ आसपासच्या गरीब वस्त्यांतले. एकूण आकडा कोणी आठशेच्या पुढे धरतो, कोणी तेराशेपर्यंत नेतो. आठशे आणि तेराशे यांच्यामध्ये पाचशे माणसे आहेत. ती होती की नव्हती हे सांगता येत नाही, कारण रोजंदारीवर घेतलेल्या माणसाचे नाव टोळीवाल्याच्या तोंडी असते, आणि टोळीवालाही मेला तर ते नाव कोठेच नसते. सोन्याच्या विटांची गोष्ट वेगळी. त्या मोजलेल्या होत्या, आणि गोदीचा गाळ उपसताना पुढची कित्येक वर्षे त्या सापडत गेल्या. हरवलेला नांगर परवानगीवाचून शोधू नये म्हणणाऱ्या कायद्याच्या राज्यात सोन्याची वीट मोजून परत मिळते आणि माणूस अंदाजात राहतो.

पुढे मुख्य न्यायाधीश स्टोन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. पण त्याआधीची एक गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. युद्धकाळातल्या बातमीबंदीमुळे शहर हादरून गेलेले असतानाही वर्तमानपत्रांना स्फोटाची सविस्तर हकीकत मे महिन्यापर्यंत छापता आली नाही. ज्या जातीने शेकडो वर्षे गावच्या प्रत्येक मयताचा सांगावा पायी पोचविला, त्या जातीची माणसे गोदीत मेली तेव्हा त्यांचा सांगावा घेऊन जायला कोणी नव्हते. कोकणातल्या, देशावरच्या एखाद्या महारवाड्यात मनीऑर्डर यायची थांबली, हीच काय ती सूचना.

सहा

पण सूचनेचा इतिहास हा केवळ आपल्या बहिष्काराचा इतिहास नाही. तसे म्हणणे म्हणजे आपल्या माणसांना पुन्हा मुके ठरविणे होईल.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेली वा चालणारी पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. पुढे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सारे झाले होते. तळ्याचे पाणी मात्र आपल्या ओंजळीत आलेले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तळ्यावर चालत गेली ती नवा हक्क मागायला नव्हे. छापलेल्या ठरावाचा अर्थ लावायला गेली. सूचनेचे ते पहिले खरे वाचन होते, आणि ते पायांनी झाले. डिसेंबरच्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. ज्या मुंबई बंदराने आपल्याला माल वाहणारा म्हणून पाहिले, त्याच बंदरातून माणसे नागरिक म्हणून निघाली, एवढे या प्रवासात आहे.

दुसरे वाचन आपल्या आत्मकथनांनी केले. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि नरेंद्र जाधवांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) ही दोन पुस्तके या दृष्टीने शेजारी ठेवून पाहावीत. ‘बलुतं’मध्ये गावच्या महारकीची कामे आहेत, आणि मुंबईच्या गोदीत राबणारा बापही आहे. समीक्षकांनी या पुस्तकातल्या दारिद्र्याची, भाषेची, प्रांजळपणाची चर्चा केली. गाव आणि गोदी यांना जोडणारा दुवा मात्र कोणी फारसा पाहिला नाही. दोन्हीकडे हुकूम दुसऱ्याचा, आणि तो कानावर पडण्याची रीतही तीच.

जाधवांच्या पुस्तकात हा दुवा अधिक ठसठशीत आहे. ओझर गावी येसकराची पाळी करणारे दामोदर जाधव विहिरीतल्या प्रेताच्या राखणीवर बसविले जातात, प्रेत बाहेर काढण्याचा हुकूम नाकारतात, मार खातात आणि गाव सोडून मुंबई गाठतात. पुढे ते पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत नोकरी करतात. येसकर म्हणजे गावाचा हुकूम पोचविणारा. त्याने एक हुकूम नाकारला आणि तो बंदरात आला. उतारवयात त्याने स्वतःच्या आयुष्याची हकीकत कागदावर उतरविली, आणि त्या लिखाणावर हे पुस्तक उभे राहिले. ज्या पोर्ट ट्रस्टच्या संहितेत त्याच्यासारख्याची व्याख्या नव्हती, त्याच्या एका कामगाराने स्वतःची व्याख्या स्वतः लिहिली.

आत्मकथनांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ही केवळ माहिती आहे, तिच्यात कलात्मकता कमी आहे. आक्षेप घेणाऱ्याने आधी ही माहिती दुसरीकडे कोठे आहे ते दाखवावे. राजपत्रात ती नाही. मराठी साहित्यातला समुद्र वाळूवरून पाहिलेला, चांदण्यातला समुद्र आहे. १८६३ सालच्या गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’पासून या शहराच्या वैभवाचे कौतुक मराठीत चालत आले. धक्क्यावरून समुद्राकडे पाहणारा, पाठीवर गोणी असलेला माणूस त्या वर्णनांतून कथा सांगू लागला नाही. जिथे सरकारने सूचना दिली नाही आणि साहित्याने वर्णन केले नाही, तिथे ‘माझा बाप गोदीत होता’ हे साधे वाक्य माहितीच्या पलीकडे जाते. ती न निघालेली अधिसूचना आहे, आणि ती आपल्या माणसांनी काढलेली आहे.

सात

यातून आपल्या समीक्षेपुढे दोन कामे येतात असे मला वाटते.

पहिले, सरकारी मजकूर हा साहित्याइतक्याच बारकाईने वाचला पाहिजे. त्यात कर्ता कोठे लपला आहे, कशाची व्याख्या आहे आणि कशाची नाही, कोणती तारीख छापलेली नाही, हे पाहण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लावली पाहिजे. बंदराच्या जमिनीवरच्या वस्त्यांत आजही अशी माणसे राहतात ज्यांचे आजोबा गोदीत राबले. कोणत्याही योजनेवर हरकती आणि सूचना मागविणारी जाहिरात निघते तेव्हा ‘सर्व संबंधितांस’ हा शब्द तिच्यात असतोच. हरकतीची मुदत संपून गेल्यावर ती जाहिरात ज्याच्या कानी येते, तो संबंधित की असंबंधित? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातला नाही.

दुसरे, १४ एप्रिलला आपण जयंती साजरी करतो, मिरवणूक काढतो. ती काढलीच पाहिजे. अग्निशमन दल त्या दिवशी आपल्या ६६ जवानांना मानवंदना देते, तेही योग्यच आहे. पण गोदीत मेलेल्या बिननावाच्या रोजंदाऱ्यांना कोण आठवतो? ज्या पुरुषाने मजूर खाते सांभाळले त्याच्या जन्मदिवशी ते मेले. त्यांची नावे ज्यांच्या घरात अजून कोणाच्या तोंडी असतील, त्यांनी ती सांगावीत आणि आपण ती लिहून काढावीत. आजोबा त्या दिवशी कामावर गेले आणि आले नाहीत, एवढे एक वाक्य ज्या घरात उरले असेल ते वाक्यही लिहून घ्यावे. तो मयताचा सांगावा आहे आणि तो पोचवायचा राहिला आहे. पूर्वी आपण दुसऱ्यांचे सांगावे बिनमजुरीने आणि सक्तीने पोचविले. हा आपला स्वतःचा आहे, आणि तो आपण आपल्या मर्जीने पोचवायचा आहे.